वाचक विचारतात : झ्यूसच्या घरची सोयरीक

गेल्या अंकातल्या ग्रीक दैवतांवरच्या लेखानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी अडलेली दिसतात: कोण कोणाचा कोण? सारखे प्रश्न एकत्र करून निवडक उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सातवीच्या मुलांकडून ग्रीक देवांची वंशावळ करून भिंतीवर लावायची आहे. कच्चा आराखडा काढला की रेघांचं जाळं होतं, नावंही वाचता येत नाहीत. सुरुवात कुठून करावी? (शिक्षिका, जि. प. शाळा, दारव्हा तालुका)

जाळं होण्याचं कारण बहुधा एकच असतं. देवांचा राजा झ्यूस याची चौकट मधोमध एकदाच काढली जाते आणि तिच्यातून चारी दिशांना रेघा सुटतात. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे देतो ती वंशावळ मूळ पुरुषापासून खाली उतरते. ग्रीक देवांची तशी उतरवायला गेलं की फसतं. इथे चौकट आईची काढायची आणि बापाचं नाव तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहायचं. झ्यूसचं नाव दहा ठिकाणी आलं तरी बिघडत नाही.

त्याआधी कोणाचं सांगणं प्रमाण धरायचं ते ठरवा. वर्गासाठी हेसिअड बरा. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा हा कवी. देवांच्या जन्माची त्याची रचना हजारेक ओळींची आहे आणि पिढ्यांचा क्रम तिच्यात बराचसा सरळ लागतो. ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा कवी होमर याचं किंवा नाटककारांचं सांगणं घ्यायचंच असेल तर दुसऱ्या रंगाच्या शाईने लिहा. नाहीतर अ‍ॅफ्रोडाइटीपाशीच मुलं भांडतील: हेसिअडच्या मते ती समुद्राच्या फेसातून वर आली, होमरच्या मते ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी.

दोन चार्ट पेपर आडवे जोडा. नावं थेट कागदावर लिहू नका. चिठ्ठ्यांवर लिहून आधी फरशीवर मांडा, जागा पक्की झाली की चिकटवा. पहिल्या ओळीत केऑस (पोकळी), गाया (पृथ्वी), टार्टरस (पाताळाचा तळ) आणि इरॉस (प्रेम). या चौघांना रेघांनी जोडायचं नाही. गाया ही केऑसची मुलगी असं बऱ्याच तक्त्यांवर असतं, पण हेसिअड फक्त ‘आधी केऑस झाला, मग गाया’ एवढंच म्हणतो. केऑसपासून झालेली म्हणून तो एरेबस (अंधार) आणि रात्र यांची नावं देतो. युरेनस (आकाश) हा गायाने एकटीने जन्माला घातलेला मुलगा आणि पुढे तिचा नवरा, म्हणून त्याला गायाखाली घेऊन बाजूला दुहेरी रेघ द्या.

गाया आणि युरेनसची १८ मुलं: १२ टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीचे देव), ३ एकाक्ष सायक्लोप्स, ३ शंभर हातांचे. त्यांच्या पोटची सगळी मुलं मांडायला जाऊ नका, पाच जोड्या पुरतात. क्रोनस आणि रिआची सहा मुलं. हायपेरिऑन आणि थियाचे हेलिऑस म्हणजे सूर्य, सेलेनी म्हणजे चंद्र आणि इऑस म्हणजे उषा. कीऑस आणि फीबीच्या लेटो व अ‍ॅस्टेरिया. आयपेटस आणि क्लायमेनीचे अ‍ॅटलस, मेनीशिअस, प्रोमिथिअस, एपिमिथिअस. क्लायमेनी मात्र टायटन नव्हे, ओशनसची मुलगी, म्हणजे आयपेटसची पुतणी. राहिले ओशनस आणि टेथिस. त्यांना ३००० मुली आणि तितक्याच नद्या झाल्या असं हेसिअड सांगतो. त्या सगळ्यांना मिळून एक चौकट द्या आणि मोकळे व्हा.

खालच्या ओळीत झ्यूसच्या सात बायका, हेसिअडच्याच क्रमाने. मेटिसची अथीना. थेमिसच्या तीन ऋतुदेवता आणि तीन नियतीदेवता. युरिनोमीच्या तीन कॅरिटीज म्हणजे लावण्यदेवता. डिमीटरची पर्सेफनी. नेमोसिनीच्या नऊ म्यूझ म्हणजे कलादेवता. लेटोची जुळी, अपोलो आणि आर्टेमिस. शेवटी हेरा, तिची हीबी, आरेस आणि आयलिथिया. हेफेस्टसला हेसिअड एकट्या हेराचा म्हणतो, होमर झ्यूसचाही. नियतीदेवतांबाबत तर हेसिअड स्वतःशीच जुळत नाही. आधी तो त्यांना रात्रीच्या मुली म्हणतो, नंतर थेमिसच्या. दोन्हीकडे लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाका. मुलांचं लक्ष नेमकं तिथेच जाईल.

नावांत फसवणारी काही ठिकाणं आहेत. टेथिस आणि थेटिस वेगळ्या. टेथिस टायटन, थेटिस ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलिस या वीराची आई, आणि पहिली दुसरीच्या आईची आई. इलेक्ट्रा तीन आहेत: ओशनसची मुलगी, अ‍ॅटलसची मुलगी आणि अगामेम्नॉनची मुलगी. पर्सिस आणि पर्सिअस हेही एक नव्हेत. अशा नावांना कंसात बापाचं नाव जोडा.

प्रश्न : एका पुस्तकात झ्यूस सगळ्यांत धाकटा आहे, दुसऱ्यात थोरला. खरं काय? (विद्यार्थी, मेहकर)

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. हेसिअडच्या क्रमात हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडिस, पोसायडन आणि शेवटी झ्यूस. क्रोनस प्रत्येक मूल जन्मताच गिळत गेला. सहाव्या वेळी रिआने बाळाऐवजी बाळोत्यात गुंडाळलेला धोंडा पुढे केला. पुढे क्रोनसला सगळं ओकावं लागलं तेव्हा शेवटी गिळलेला धोंडा आधी पडला, मग मुलं. झ्यूसने तो धोंडा डेल्फीला रोवला.

होमरला यातलं काही नको आहे. त्याच्या ‘इलियड’मध्ये झ्यूस सरळ थोरला भाऊ आहे, आणि तिथली वाटणी आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. पोसायडनला समुद्र, हेडिसला पाताळ, झ्यूसला आकाश. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक राहिले. ट्रॉयच्या युद्धात झ्यूस हुकूम सोडतो तेव्हा पोसायडन हीच वाटणी काढून बसतो: माझा हिस्सा बरोबरीचा, त्याने आपल्या तिसऱ्या हिश्श्यात राहावं. निरोप घेऊन आलेली आयरिस त्याला आठवण देते की सूडदेवता नेहमी थोरल्याच्या बाजूने उभ्या राहतात, आणि तो धुसफुसत का होईना, माघार घेतो. इथे झ्यूसचं थोरलेपण काढून टाकलं तर प्रसंगच उभा राहत नाही. हेसिअडमध्ये ते लागत नाही, कारण तिथे युद्ध जिंकल्यावर देवच झ्यूसला राजा व्हायला सांगतात आणि अधिकार तो वाटून देतो. चिठ्ठ्यांत बहिणींची नावं कुठेच नव्हती.

प्रश्न : आमच्याकडे मामाची मुलगी करतात, तिथवर ठीक. पण सख्ख्या बहिणीशी लग्न? ग्रीक लोकांना हे चालत होतं का? (शेतकरी वाचक, दर्यापूर)

देवांना चालत होतं, कारण दुसरं स्थळच नव्हतं. वर दिलेल्या सातही बायका झ्यूसच्या घरातल्याच आहेत. हेरा आणि डिमीटर सख्ख्या बहिणी. थेमिस आणि नेमोसिनी या क्रोनसच्या बहिणी म्हणून आत्या, आणि रिआच्याही बहिणी म्हणून मावश्या. मेटिस आणि युरिनोमी ओशनसच्या मुली. सगळ्यांत गंमत लेटोची. तिचा बाप कीऑस झ्यूसचा काकाही आणि मामाही, तिची आई फीबी आत्याही आणि मावशीही. म्हणजे लेटो झ्यूसची चुलत, मामे, आते आणि मावस अशी चारही बाजूंनी बहीण.

माणसांचं वेगळं होतं. अथेन्समध्ये सख्ख्या बहीणभावांचं लग्न होत नसे. बाप एक पण आया वेगळ्या असतील तर चालत असे, आई एक असेल तर नाही. काका-पुतणीचं लग्न सर्रास होई. भाऊ नसलेल्या मुलीचं तर बापाच्या जवळच्या नातलगाशीच लावत, म्हणजे इस्टेट घराबाहेर जात नसे. आपल्या ऋग्वेदात (१०.१०) यमी यमाला गळ घालते आणि यम नकार देतो. तसा नकार झ्यूसच्या घरात विरळाच: हेस्टियाने पोसायडनला दिला तेवढा. मामाच्या मुलीचं म्हणाल तर दाखला आपल्या विदर्भातलाच आहे: रुक्मिणीच्या प्रद्युम्नाने रुक्मीची, म्हणजे सख्ख्या मामाची, मुलगी केली.

प्रश्न : हेराक्लिस झ्यूसचा मुलगा, पर्सिअसही झ्यूसचा मुलगा. मग ते भाऊ झाले का? आणि हेराक्लिसला बारा कामं सांगणारा युरिस्थिअस त्याचा कोण? (पुसद)

भाऊ आहेत, आणि पणजोबा-पणतूही आहेत. झ्यूस आणि डॅनीचा पर्सिअस. पर्सिअस आणि अँड्रोमेडाचा इलेक्ट्रिऑन. त्याची मुलगी अल्कमेनी. अल्कमेनी आणि झ्यूसचा हेराक्लिस. म्हणजे झ्यूस हेराक्लिसचा बाप आणि आईकडून खापरपणजोबा.

अल्कमेनीचा नवरा अँफिट्रिऑन परका नव्हे. तो अल्कीअसचा मुलगा, आणि अल्कीअस इलेक्ट्रिऑनचा भाऊ. म्हणजे नवराबायको चुलत भावंडं. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणकथासंग्रहात तर अल्कमेनीची आई अनॅक्सो ही अँफिट्रिऑनची बहीण आहे, म्हणून नवरा मामाही ठरतो. चरित्रकार प्लुटार्क मात्र अल्कमेनीची आई म्हणून पेलॉप्सची मुलगी लिसिडिसी सांगतो. त्याला हेराक्लिस आणि अथेन्सचा वीर थिसिअस यांचं मावसनातं दाखवायचं आहे, आणि ते लिसिडिसीवाचून जमत नाही. अशा जागी ‘कोणाच्या मते’ हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच घरात सासऱ्याचा खूनही झाला. चोरीला गेलेली गुरं अँफिट्रिऑनने सोडवून आणली. हवाली करताना एक गाय उधळली, त्याने तिच्यावर सोटा फेकला, तो शिंगांवर आपटून उसळला आणि इलेक्ट्रिऑनच्या डोक्यात बसला. नवराबायकोला गाव सोडून थीब्झला यावं लागलं ते यामुळे. हेराक्लिसचा जन्म थीब्झचा, तो त्यापायी.

आता युरिस्थिअस. मराठी पुस्तकांत तो सरसकट ‘चुलत भाऊ’ असतो आणि ते चूक आहे. त्याचा बाप स्थेनेलस हा इलेक्ट्रिऑन आणि अल्कीअस यांचा भाऊ. म्हणजे युरिस्थिअस अल्कमेनीचाही चुलत भाऊ आणि अँफिट्रिऑनचाही. हेराक्लिसला तो आईकडून मामा, घरच्या बापाकडून काका. पिढी एक वरची, वय मात्र बरोबरीचं. ते कसं, हे ‘इलियड’मध्ये सांगितलं आहे. आज माझ्या रक्ताचा जो मुलगा जन्मेल तो भोवतालच्या सगळ्यांवर राज्य करील, असं झ्यूस फुशारकीने बोलून गेला. हेराने त्याच्याकडून शपथ घेतली, अल्कमेनीच्या कळा अडवल्या आणि स्थेनेलसच्या बायकोला सातव्या महिन्यातच मोकळं केलं. पर्सिअसचा नातू म्हणून युरिस्थिअसही झ्यूसच्याच रक्ताचा. शपथ पाळावी लागली.

प्रश्न : मेड्यूसा, सर्बेरस, हायड्रा, स्फिंक्स हे राक्षस एकाच घराण्यातले आहेत की वेगवेगळ्या कथांतून गोळा झाले? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अचलपूर)

कथा वेगवेगळ्या गावांच्या असतील, पण हेसिअडने त्या सगळ्यांना एका घरात बसवलं आहे. आणि हे घर देवांच्या घरापेक्षा समजायला सोपं आहे, कारण इथे झ्यूसची ये-जा नाही.

मूळ जोडी गाया आणि पाँटस म्हणजे समुद्र. त्यांची मुलं नेरिअस, थॉमस, फोर्किस, केटो आणि युरिबिया. फोर्किस आणि केटो या भावाबहिणीच्या पोटी ग्राया (जन्मापासून पांढऱ्या केसांच्या बहिणी), तीन गॉर्गन आणि सफरचंदांची राखण करणारा साप. गॉर्गन म्हणजे स्थेनो, युरिअली आणि मेड्यूसा. तिघींत मर्त्य एकटी मेड्यूसा, म्हणून पर्सिअसला तीच मारता आली. पोसायडनपासून ती गरोदर होती. तिचं मुंडकं उडवताच धडातून पंखांचा घोडा पेगॅसस आणि क्रायसेऑर बाहेर आले. क्रायसेऑरचा मुलगा तीन डोक्यांचा गेरिऑन.

पुढे अडचण येते. अर्धी बाई अर्धी नागीण अशी एकिड्ना कोणाची? हेसिअड ‘तिने जन्म दिला’ एवढंच म्हणतो. ती कोण, केटो की क्रायसेऑरची बायको कॅलिरोई, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. सिंह, बकरी आणि साप मिळून झालेल्या कायमेराच्या आईचंही तसंच: एकिड्ना की हायड्रा? स्फिंक्स आणि नेमियाच्या सिंहाचा बाप ऑर्थ्रस कुत्रा हे नक्की, पण आई एकिड्ना की कायमेरा हे पुन्हा ‘ती’ वर अडतं. नेटवरच्या तक्त्यांत एकमेकांशी न जुळणारी उत्तरं दिसतात ती यामुळे. तुमच्या वहीत अशा ठिकाणी तुटक रेघ काढा, म्हणजे प्रश्न मिटला.

एकिड्नाचा नवरा टायफॉन. तो गाया आणि टार्टरसचा मुलगा. क्रोनस त्याचा आईकडून भाऊ, म्हणजे टायफॉन झ्यूसचा काकाच. या जोडप्याची नक्की मुलं तीन: ऑर्थ्रस, सर्बेरस आणि हायड्रा. सर्बेरसला हेसिअड ५० डोकी देतो. चित्रांत दिसतात ती तीन डोकी दुसऱ्या परंपरेची. ऑर्थ्रस गेरिऑनच्या गुरांची राखण करी. एकिड्ना क्रायसेऑरची मुलगी धरली तर हा राखणदार कुत्रा मालकाचा सख्खा भाचा होतो.

आता हेराक्लिसची कामं या घरावर ठेवून पाहा. नेमियाचा सिंह मारला, हायड्रा मारली, ऑर्थ्रस मारला, गेरिऑन मारला, सर्बेरसला साखळी घालून वर आणला आणि युरिस्थिअसला दाखवून परत नेला. पर्सिअसने आजी मारली आणि त्याच्या पणतूने तिचा नातू. बारा कामं म्हणजे सुटी साहसं असं जे शिकवतात, त्यांनी हे वैर लक्षात घ्यावं. हायड्राच्या वेळी मदतीला होता तो आयोलॉस हेराक्लिसचा पुतण्या, जुळा भाऊ इफिक्लिस याचा मुलगा. हेराक्लिस मान तोडी आणि आयोलॉस जळत्या लाकडाने ती जागा डागी, म्हणजे नवी डोकी फुटत नसत. मदत घेतली म्हणून युरिस्थिअसने हे काम मोजणीत धरलं नाही.

कायमेरा राहिली. तिला बेलेरोफॉनने पेगॅससवर बसून मारलं. बेलेरोफॉनचा खरा बाप पोसायडन अशी एक परंपरा आहे. ती मानली तर घोडा आणि स्वार सावत्र भाऊ.

या घराला चांगली माणसंही आहेत, ती तक्त्यांवर राहून जातात. थॉमसची मुलगी आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य, आणि तिच्या बहिणी हार्पी, म्हणजे पंखांच्या वादळस्त्रिया. नेरिअसच्या पन्नास मुली, त्यांत थेटिस. म्हणजे आयरिस आणि थेटिस दोघीही मेड्यूसाच्या चुलत बहिणी. अकिलिसची आई मेड्यूसाची बहीण लागते हे सांगितलं की ऐकणारा आधी मानत नाही.

प्रश्न : शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती या तारकासमूहांमागे ग्रीक कथा आहे असं ऐकलं. नाती जुळतात का? (आकाशनिरीक्षण करणारा गट, आर्वी)

थोडी जुळतात, बरीच फिरतात. ग्रीक आकाशात वृषपर्वाच्या जागी राजा सिफिअस, शर्मिष्ठेच्या जागी त्याची राणी कॅसिओपिया, देवयानीच्या जागी त्यांची मुलगी अँड्रोमेडा आणि ययातीच्या जागी जावई पर्सिअस. आपल्याकडे वृषपर्वा शर्मिष्ठेचा बाप, ययाती दोघींचा नवरा आणि देवयानी शुक्राचार्यांची मुलगी. म्हणजे तिकडची सासू इकडे बायको झाली. जुळलेलं एवढंच की ययाती-देवयानी आणि पर्सिअस-अँड्रोमेडा या जोड्या नवराबायकोच्या आहेत, आणि वृषपर्वा व सिफिअस दोन्हीकडे सासरेच.

तिकडची कथा थोडक्यात अशी. कॅसिओपियाने नेरिअसच्या मुलींपेक्षा आपण सुंदर अशी बढाई मारली. पोसायडनने समुद्रराक्षस सोडला. अँड्रोमेडाला खडकाला बांधलं गेलं. मेड्यूसाचं मुंडकं घेऊन परतणाऱ्या पर्सिअसने राक्षस मारून तिच्याशी लग्न केलं. ती आधी फिनिअसला बोललेली होती, म्हणजे तिच्या सख्ख्या काकाला. त्याने कट केला आणि पर्सिअसने त्याला मुंडकं दाखवून दगड केलं.

पाहायचं असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊला, गावाच्या दिव्यांपासून दूर. महाश्वाचा (म्हणजे पेगॅससचा) मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यापासून देवयानीची रांग निघते. शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे उत्तरेला, थोडे पूर्वेकडे झुकलेले. त्यांच्या खाली ईशान्येला ययाती. त्यात अल्गोल तारा शोधा, तो मेड्यूसाच्या मुंडक्यात मानतात. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ वर जाते, आणि उतरून पुन्हा चढायला मिळून दहा तास लागतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळतो, पण शेजारच्या मिर्फाक ताऱ्याशी तुलना करूनच पाहा. क्षितिजाजवळ असताना केलेली नोंद धरू नका, तिथे सगळेच तारे मंद दिसतात.

प्रश्न : दिवाळीनंतरच्या मोसमासाठी ईडिपसच्या कथेवर नाटक लिहितोय. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर बसतो, पण नात्यात घोळ झाला की मंडपात कुजबुज सुरू होते. पॅम्प्लेटवर वंशावळ छापावी का? (नाट्यमंडळाचे लेखक, मूल तालुका)

छापू नका. अथेन्सच्या प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक होती, तुमच्या निम्म्या मंडपाला नसेल. पॅम्प्लेटवर ‘योकास्टा: आई व पत्नी’ छापलं की पहिल्याच अंकात नाटक संपलं.

नाती हाकेतून पोचवा, आणि त्यासाठी क्रिऑन धरा. तो योकास्टाचा भाऊ. पहिल्या प्रवेशापासून त्याने ईडिपसला ‘भाऊजी’च म्हणावं, अगदी भांडतानाही, निदान पाच-सहा वेळा. उलगडा झाल्यावर तो पहिल्यांदा हाक न मारता बोलला की मंडपाला कळतं. आता तो मामा आहे. हे शब्दांत सांगण्याची गरज पडत नाही.

दुसरी अडचण दोन बापांची. लायस हा जन्मदाता, थीब्झचा राजा. पॉलिबस हा पोसणारा, कोरिंथचा राजा, त्याची बायको मेरोपी. ही नावं सारखी लांबची वाटतात, म्हणून प्रत्येकाला एक ठिकाण चिकटवा. लायस म्हणजे तिठा, जिथे तो मारला गेला. पॉलिबस म्हणजे कोरिंथ. लायसचं नाव तिठ्याशिवाय उच्चारू नका. मूळ ग्रीक नाटककार सोफोक्लीस याचा उलगड्याचा क्रम बदलू नये: आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस उघड आरोप करतो आणि कोणी मानत नाही, योकास्टा धीर द्यायला जाते आणि तिठा बोलून बसते, कोरिंथचा माणूस पॉलिबस मेल्याची सुटका वाटणारी बातमी आणतो आणि तो तुझा बाप नव्हता असं सांगून टाकतो, शेवटी लहानपणी त्याला वाचवणारा मेंढपाळ. चारातले दोन जण, योकास्टा आणि कोरिंथचा माणूस, भलं करायला आलेले आहेत. मधला एक गाळला की शेवट अंगावर येत नाही.

मुलं चार: इटिओक्लिस, पॉलिनायसिस, अँटिगनी, इस्मेनी. चौघांना ईडिपस बाप आणि आईकडून भाऊ. (काही जुन्या कथनांत ही मुलं युरिगॅनिया या दुसऱ्या बायकोची आहेत, तुम्ही तिकडे जाऊ नका.) पुढचा भाग अँटिगनीवर नेणार असाल तर तिथे मात्र नाती सुरुवातीलाच मोकळी सांगा. तिचं लग्न क्रिऑनच्या मुलाशी, हेमॉनशी ठरलेलं आहे. आपल्याकडे मुलगा मामाची मुलगी आणतो, इथे मुलगी मामाच्या घरी सून म्हणून निघाली आहे. क्रिऑनने तिला पुरण्याची शिक्षा दिली तेव्हा तो राजा, मामा आणि होणारा सासरा तिन्ही आहे. त्याच्या तोंडी निदान एकदा ‘बहिणीची पोर’ येऊ द्या.

थोडक्यात

मीडियाचा मिनोटॉरशी काही संबंध? (चिखली) मामेबहीण. सूर्यदेव हेलिऑसची मुलं ईटीस, सर्सी आणि पासिफी. ईटीसची मुलगी मीडिया. पासिफीची अरिआड्नी, फीड्रा आणि बैलापासून झालेला मिनोटॉर. अरिआड्नीने थिसिअसला दोरा देऊन वाचवलं, मीडियाने अथेन्समध्ये सावत्र आई म्हणून त्याच थिसिअसला विष द्यायचा प्रयत्न केला, आणि फीड्रा त्याची बायको झाली. सर्सी मीडियाची आत्या, मिनोटॉरची मावशी.

प्रोमिथिअस झ्यूसचा भाऊ होता का? (देवरी) चुलत भाऊ. त्याचा बाप आयपेटस क्रोनसचा भाऊ. प्रोमिथिअसचा मुलगा ड्यूकॅलिऑन आणि एपिमिथिअस-पँडोराची मुलगी पिरा या चुलत भावंडांचं लग्न झालं. महापुरातून तीच दोघं वाचली. त्यांच्या हेलेन या मुलावरून (ट्रॉयची हेलन नव्हे, हा पुरुष) ग्रीक लोक स्वतःला हेलेनीज म्हणतात.

अगामेम्नॉन आणि मेनेलॉस भाऊ की साडभाऊ? (वरूड) दोन्ही. सख्ख्या भावांनी सख्ख्या बहिणी केल्या, त्यामुळे क्लायटेम्नेस्ट्रा आणि हेलन बहिणीही आणि जावाही. लीडाच्या या मुलींत हेलन झ्यूसची, क्लायटेम्नेस्ट्रा टिंडॅरिअसची असं सहसा सांगतात. क्लायटेम्नेस्ट्राने ज्याच्या साथीने नवऱ्याला मारलं तो एजिस्थस अगामेम्नॉनचा चुलत भाऊ. त्याचा बाप थायेस्टीस आणि अगामेम्नॉनचा बाप एट्रिअस सख्खे भाऊ, आणि एट्रिअसने थायेस्टीसला त्याच्याच मुलांचं मांस जेवणात वाढलं होतं. एजिस्थसची आई पेलोपिया ही थायेस्टीसचीच मुलगी, त्यामुळे तो अगामेम्नॉनच्या चुलत बहिणीचा मुलगाही आहे, म्हणजे भाचा.